कोलंबोला कांदा पाठवायचाय? मग काढणीचे दिवस सांभाळा

उन्हाळ कांद्याची काढणी तोंडावर आलीये आणि रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतोय, श्रीलंकेला काय भाव चाललाय, कंटेनर कधी भरणार. भावाचं नंतर बोलू मंडळी, आधी मालाचं सांगतो, कारण वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एक्सपोर्टच्या मालाची निवड मी बघतो आणि गोणी बाजूला काढावी लागली की खरंच जीव तुटतो.

गेल्या सीझनला एक वक्कल, म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या मालाचा लॉट, आलं होतं. रंग झकास, डबल पत्ती म्हणजे वरचं साल दुहेरी, साइज एकसारखी. पण मानेवर, म्हणजे पात निघते तिथे, अंगठा दाबला तर नरम, कापून बघितलं तर मधे ओल. असा कांदा न्हावा शेवा बंदराच्या उकाड्यात कंटेनरमध्ये गेला की घाम धरतो आणि कोलंबोला उतरेपर्यंत मानेतनं सडायला लागतो. अख्खी गाडी इथल्याच लोकल बाजारात गेली. त्या भाऊंनी खत, फवारणी सगळं वेळेवर केलेलं, फक्त वजन भरेल म्हणून काढणीच्या चार दिवस आधीपर्यंत पाणी चालू ठेवलं.

म्हणून पाणी 10 ते 15 दिवस आधी तोडाच. लागवडीला 60 दिवस झाले की युरियाला हात लावू नका, मान जाड होते आणि जाड मान लवकर सुकत नाही. निम्म्या माना पडल्या की काढायला घ्या आणि काढलेला कांदा पातीसकट 3-4 दिवस वावरातच ठेवा, पण असा की एका ओळीच्या पातीखाली पुढच्या ओळीचा कांदा झाकला जाईल, नाहीतर उन्हाचा चट्टा पडतो आणि तो निवडीत लगेच दिसतो. पात कापताना इंचभर मान ठेवायची, मजूर घाईत अगदी बुडाशी कापतात तिथे स्वतः उभे राहा. मग सावलीत पातळ पसरून 10-12 दिवस. अवकाळीचा भरवसा नाही, ताडपत्री आधीच आणून ठेवा. जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), गोल्टी (बारीक कांदे) तिथेच वेगळं काढा, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, एकत्र भरलं की चांगल्या मालालाही सड लागते, आणि चाळीत थर 5 फुटाच्या वर नको.

आता बाजाराचं. श्रीलंकेचा स्वतःचा मोठा कांदा मातले-डंबुल्ला पट्ट्यात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला निघतो आणि त्या सुमारास तिथलं सरकार बाहेरच्या कांद्यावर कर वाढवतं असं बऱ्याचदा झालंय. त्यांच्याही शेतकऱ्याला भाव हवाच की, त्यात रागावण्यासारखं काही नाही, पण आपल्याला सोयीचे महिने मे ते जुलै हे धरून चाला. आणि दरवाजा आपल्याकडूनही बंद होतो. 7 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदीचं नोटिफिकेशन निघालं आणि 8 तारखेपासून लागू पण झालं. मे 2024 ला बंदी उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर आणि 40 टक्के शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेलं ते थेट 1 एप्रिल 2025 ला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, सगळी चाळ कोलंबोच्या आशेवर अडवून ठेवू नका, तीन हिस्से करा, एक काढणीनंतर लगेच, एक जून-जुलैला, एक मागे ठेवा.

पैशाचं पण आधीच ठरवून घ्या. 2022 ला श्रीलंकेत डॉलरच उरले नव्हते, कोलंबो बंदरात माल उतरूनही सोडवता येत नव्हता. तिकडचे पैसे आले की देतो असं कुणी म्हणालं तर गाडी भरू नका, ती जोखीम व्यापाऱ्याची, तुमची नाही. वजन झालं की पट्टी (हिशोबाची पावती) आणि पैसे, एवढंच बोला. माल कुठल्या साइजचा लागतो ते गेजसकट, म्हणजे किती मिलिमीटरचा ते, विचारा, म्हणजे निवड घरीच होते आणि परत आलेल्या मालाचं भाडं वाचतं.

आणि सॅम्पल पाठवाल तेव्हा वरचे देखणे कांदे उचलू नका, चाळीच्या मधनं, तळापासून हात घालून दोन किलो काढा, चार-पाच कापून बघा आणि मगच मला फोन करा.