कुटुंबाला परदेशी नेताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला माझे लहानसे कार्यालय आहे. व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांचे भाषांतर, साक्षांकन आणि जुळवाजुळव हे माझे गेल्या चौदा वर्षांचे काम. नवरा किंवा बायको नोकरीनिमित्त परदेशी गेलेली असते आणि मागे राहिलेले माणूस घोडबंदर रोडवरच्या नाहीतर ऐरोलीच्या घरातून कागदांची पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन बसते. त्या पिशवीतून निघणाऱ्या चुका इतक्या ठरलेल्या असतात की पिशवी उघडण्यापूर्वीच मला त्या सांगता येतील. ‘तिकीट काढून ठेवले आहे, एवढे लवकर करून द्या’ हे वाक्यही ठरलेलेच असते. व्हिसा हाती येण्यापूर्वी काढलेल्या तिकिटाला माझ्या लेखी काहीही किंमत नाही, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो.

एका बाईची तीन नावे

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. त्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही, परंतु तांदळात लिहिलेले नाव पुढे अर्ध्या कागदांवर चढते आणि अर्ध्यांवर चढत नाही, तेव्हा माझे काम सुरू होते. माहेरी वडिलांचे नाव मध्ये, सासरी नवऱ्याचे नाव मध्ये, आडनाव बदललेले आणि कधी पहिले नावही बदललेले, असा आपला रिवाज आहे. परदेशी अधिकाऱ्याला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर असलेल्या कागदांवर त्याला एक बाई दिसत नाही, दोन किंवा तीन बायका दिसतात.

कळव्याच्या एका ताईंचे प्रकरण मी अनेकांना सांगतो. त्यांचे यजमान जर्मनीत अभियंता होते. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे नाव होते, पासपोर्टही माहेरच्या नावाचा होता, आधार कार्डावर मात्र सासरचे नवे नाव होते. मुलगी त्यांच्या माहेरी, चिपळूणजवळच्या गावात जन्मली. तिच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव म्हणून आजोबांनी सांगितले ते, म्हणजे तांदळातले नाव लिहिले गेले. त्यामुळे पासपोर्टवरील बाई आणि मुलीची आई या कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती ठरल्या. कोणीतरी त्यांना न्यायालयाबाहेर बसणाऱ्या नोटरीकडून ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून दिले होते आणि तेवढ्यावर काम भागेल असा विश्वासही दिला होता. प्रतिज्ञापत्र हा टेकू आहे, त्यावर घर उभे राहत नाही. वकिलातीकडून खुलासा मागणारे पत्र आले, मग जन्मदाखल्यातील दुरुस्तीसाठी त्यांना नोंद झालेल्या ग्रामपंचायतीत जावे लागले. नोंद जिथे झाली त्याच निबंधकाकडे दुरुस्ती होते, ठाण्यात बसून ती होत नाही. या सगळ्यात पाच महिने गेले आणि त्या काळात मुलगी बापाला फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहत चालायला शिकली.

यावर माझी पद्धत अगदी साधी आहे. जेवणाच्या टेबलावर सर्व मूळ कागद पसरावेत, रेघांच्या कागदावर रकाने आखावेत आणि प्रत्येक कागदावरील नाव रोमन लिपीत अक्षर न् अक्षर उतरवून काढावे. दीपाली एका ठिकाणी दोन ‘ई’ लावून आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आय’ लावून लिहिली असेल, तर तेही तिथेच दिसते. मग पासपोर्ट हा राजा मानावा आणि बाकीचे कागद त्याच्या स्पेलिंगकडे आणावेत. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, त्यामुळे पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तो तसाच ठेवून अर्ज करावा, असे माझे मत आहे. ज्यांना नाव बदलायचेच आहे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून, त्यानंतर पासपोर्ट बदलून, मग व्हिसाकडे वळावे. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करणाऱ्यांना मी हल्ली परत पाठवतो.

लग्नाच्या नोंदणीबाबतही तीच टाळाटाळ दिसते. मंगल कार्यालयाची पावती किंवा विवाह मंडळाचे पत्र हा विवाहाचा दाखला नव्हे. महाराष्ट्रातील १९९८ च्या कायद्याप्रमाणे महानगरपालिकेच्या निबंधकाकडे तीन साक्षीदारांसह अर्ज द्यावा लागतो आणि वधूवरांना स्वतः हजर राहावे लागते. नवरा रुजू होऊन परदेशी गेल्यावर हे आठवते, तेव्हा त्याला केवळ एका सहीसाठी सुट्टी काढून यावे लागते.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर नेऊ, तिथे बदलून घेऊ’

हे वाक्य ऐकले की माझा आवाज चढतो, हे माझ्या सहायकाला ठाऊक आहे. या गैरसमजाचे मूळ आखातात आहे. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर बायकोला नेऊन शुल्क भरून तिथेच कुटुंबाचा परवाना काढणे शक्य असते. त्यासाठी प्रायोजकाचा, म्हणजे कुटुंबाला बोलावणाऱ्याचा, पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, एवढा असावा लागतो. एका चुलतभावाने शारजात असे केले की बाकीचे भाऊ ते जगभर लागू आहे असे धरून चालतात.

वाशीचा एक तरुण ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसावर होता. तिथे अवलंबितांच्या, म्हणजे नोकरी करणाऱ्याच्या आधारावर जाणाऱ्या जोडीदार-मुलांच्या, अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. प्रौढ व्यक्तीसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड असून व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा एकदम घेतला जातो. तीन वर्षांचे तीन हजारांहून अधिक पौंड पाहून त्याने पत्नीला भेटीच्या व्हिसावर बोलावले. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्या व्यक्तीला देशात राहून अवलंबित व्हिसावर जाता येत नाही, हे त्याने तिथे पोहोचल्यावर वाचले. तिने इथली नोकरी सोडलेली होती. पाच महिन्यांनी ती परत आली, मुंबईत क्षयरोगाची तपासणी करून घेतली आणि जो अर्ज पहिल्या दिवशी करायचा होता तो सहाव्या महिन्यात केला. अधिभार भरावा लागलाच, वर जाण्यायेण्याचे भाडे गेले. तिने प्रवासाचा हेतू खोटा सांगितला असा निष्कर्ष अधिकाऱ्याने काढला नाही, एवढे तिचे नशीब, कारण फसवणूक सिद्ध झाल्यास तिथे दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. जर्मनीतही दीर्घ वास्तव्याचा व्हिसा भारतातूनच काढून जावे लागते, शेंगेनच्या, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामाईक भेट-व्हिसाच्या, ९० दिवसांवर जाऊन सहसा काही साधत नाही. मला शॉर्टकटचा तिटकारा आहे तो नीतीच्या कारणाने कमी आणि वर्षानुवर्षे हे हिशेब तपासल्यामुळे अधिक.

आईवडील अवलंबित नसतात

निदान बहुतेक देशांच्या लेखी नसतात. अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरीच्या व्हिसाधारकाचा जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले एवढ्यांनाच एच-४ हा अवलंबित व्हिसा मिळतो, आईवडिलांनी पर्यटक म्हणूनच जावे. कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा दीर्घ भेटीचा व्हिसा, कायम निवासी किंवा नागरिक असलेल्या अपत्यामार्फतच मिळतो, नुसत्या कामाच्या परवान्यावर नाही. सिंगापूरमध्ये जोडीदारासाठी दरमहा ६,००० सिंगापूर डॉलर पगार पुरतो, तर आईवडिलांसाठी तो १२,००० लागतो. जर्मनीने १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना दार उघडले आहे, मात्र त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा यांची खात्री द्यावी लागते. आदल्या वर्षी गेलेल्यांना याचा उपयोग नाही आणि ते माझ्याशी वाद घालून बदलत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर अर्ज करू नये. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या कामगारांना, कुटुंब आणण्यास मनाई केली आणि कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा खुला, म्हणजे कोणत्याही मालकाकडे चालणारा, कामाचा परवाना ठरावीक व्यवसायांपुरता आणला.

एच-४ वर गेल्यावर लगेच नोकरी करता येते, असे समजू नये. जोडीदाराची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेली, याचिका मंजूर असल्यास किंवा त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळालेली असल्यासच तसा परवाना मिळतो.

जर्मनीला जाणाऱ्या जोडीदाराने जर्मन भाषेची ए-१, म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागते का, ते आधी पाहावे. नोकरी करणारा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय परवान्यावर, किंवा कुशल कर्मचाऱ्याच्या परवान्यावर असेल तर ही अट नाही, म्हणून त्याचा परवाना नेमका कोणता आहे ते प्रथम विचारावे. निम्म्या लोकांना ते माहीत नसते.

ब्रिटनसाठी खात्यात दाखवायची उदरनिर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस राहिली पाहिजे. मामाकडून आणून आदल्या दिवशी भरलेले पैसे मोजले जात नाहीत. कंपनी स्वतः हमी देत असेल तर ही रक्कम दाखवावी लागत नाही, हे मात्र कोणी विचारतच नाही.

अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार कागदावर मिळणारा साक्षांकनाचा शिक्का, सर्वत्र चालतो असे मानू नये. त्या करारातील भारताच्या सहभागास जर्मनीने आक्षेप घेतला असल्याने आपला अपोस्टिल तिथे मानला जात नाही. अमिरातीसाठी मुंबईतील मंत्रालय, भारताचे परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीची वकिलात आणि शेवटी तिथले परराष्ट्र मंत्रालय हा क्रम आहे. मधली पायरी गाळल्यास पुढचा शिक्का बसत नाही.

आणि कागद लॅमिनेट करू नयेत. हे शिक्के मूळ दाखल्याच्या पाठीवरच बसतात. प्रेमाने प्लास्टिकमध्ये बंद केलेला दाखला सोलून काढताना फाटतो, मग नवी प्रत काढण्यासाठी पुन्हा प्रभाग समितीच्या कार्यालयात रांग लावावी लागते.