लहान मुलांना घेऊन समुद्रकाठच्या गावात राहायला जाताना

सुट्टीत चार दिवस आवडलेलं गाव बारा महिने राहायलाही बरं पडेलच, असं नाही. समुद्र दोन्ही वेळा तोच असतो, पण रोजच्या जगण्यात त्याच्या वाट्याला संध्याकाळचा तासभर येतो. उरलेला दिवस शाळा, दवाखाना, कामधंदा आणि काही केल्या न वाळणारे कपडे यांत जातो. घरात लहान मुलं असतील तर गावाची निवड या उरलेल्या दिवसाकडे बघून करावी.

१. सर्वांत वाईट हंगामात जाऊन राहा

गाव ठरवण्याआधी निदान आठवडाभर तिथे मुलांसकट राहा, आणि तेही पर्यटक नसतील अशा दिवसांत. सोसाट्याचा वारा आणि पाऊस असेल तर फारच चांगलं. दुकानं उघडी असतात का, वीज किती वेळा जाते, बस येते का, संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसतो का, हे तेव्हाच कळतं. गर्दीच्या हंगामातला एखादा शनिवार-रविवारही बघून ठेवा. गावात शिरायला एकच रस्ता असेल तर त्या दिवशी तापलेल्या मुलाला घेऊन मोठ्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागेल, याचा खरा अंदाज येतो.

किनाऱ्यावरच्या गावाला एका बाजूला शेजारची गावंच नसतात, तिथे नुसतं पाणी. म्हणजे जाऊन-येऊन करता येतील अशा शाळा, नोकऱ्या आणि दवाखाने आतल्या भागातल्या गावाच्या मानाने जवळपास निम्मेच. म्हणून बालरोगतज्ज्ञ किती दूर, रात्री कोण उपलब्ध असतं, आणि पुढच्या इयत्तांची शाळा गावातच आहे की दहा वर्षांनी पुन्हा हलावं लागेल, हे आधी विचारा. मिळकत पर्यटनावर अवलंबून राहणार असेल तर रिकाम्या महिन्यांचा हिशेब आधी मांडा. घरून काम करणार असाल तर इंटरनेट वादळी दिवशी तपासा.

२. पहिलं वर्ष भाड्याच्या घरात काढा

विकत घेण्याची घाई नको. एक वर्ष राहिल्याशिवाय कुठल्या गल्लीत पाणी साचतं आणि कुठल्या भिंतीवर पाऊस आडवा आपटतो, हे समजत नाही. भाड्यातही एक गोम असते: किनाऱ्याजवळचे कितीतरी मालक घर फक्त रिकाम्या हंगामापुरतं देतात आणि गर्दीचे दिवस आले की पर्यटकांसाठी परत मागतात. मुलांची शाळा मधेच अडकायला नको असेल तर पूर्ण बारा महिन्यांचा करार लेखी करून घ्या.

खिडकीतून समुद्र दिसणारं घर मी तरी लहान मुलांच्या आईबापांना सुचवणार नाही. हवेतलं मीठ पाण्यापासून पहिल्या काही शे मीटरांत सर्वांत जास्त असतं आणि आत जावं तसं झपाट्याने कमी होतं. दहा-पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावरचं, थोडं उंचावरचं घर घेतलं तर समुद्र रोज भेटतो, पण घर खात नाही. शिवाय मूल एकटंच दार उघडून बाहेर पडलं तर समोर लगेच पाणी नसतं.

घर बघायला गेल्यावर रंगाला भुलू नका. खिडक्यांचे गज, दारांच्या बिजागऱ्या आणि एसीचं बाहेरचं युनिट किती गंजलंय ते बघा. शेजारच्या घरांचंही बघा, कारण आपल्या घराला कालच रंग दिलेला असू शकतो. पलंगाच्या गादीची खालची बाजू आणि कपाटामागची भिंत हाताने चाचपा. तिथे ओल किंवा काळे ठिपके असतील तर घरात बुरशी आहे, आणि दम्याकडे कल असलेल्या मुलाला ती फार त्रास देते. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवता आली पाहिजे. त्यासाठी समोरासमोर खिडक्या असलेलं घर निम्मं काम करतं. बाल्कनीच्या कठड्यातून लहान मूल निसटू नये म्हणून गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवं.

पाणी विहिरीचं किंवा बोअरवेलचं असेल तर कोरड्या दिवसांच्या अखेरीस त्याची चव घ्या. उपसा वाढला की जमिनीखालून समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. उकळून खारटपणा जात नाही. पाणी आटल्याने उलट वाढतो. बाळाचं दूध अशा पाण्यात कालवू नये.

पुराच्या नकाशात घर कुठे येतं, हेही तपासा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं कोणी सांगितलं की आपण निर्धास्त होतो. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षं त्या घरात काढली तर निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून जास्त. घराचा विमा मिळतो का, हे करार करण्याआधी विचारा. कंपनी नाही म्हणाली तर त्यातच उत्तर आलं.

३. सामान आणि मुलांची तयारी

सामानाबद्दल थोडक्यात: लोखंडी कपाट, पत्र्याच्या पेट्या आणि जाड गालिचे मागे ठेवा. मुलांच्या सायकलची साखळी नियमित पुसून तिला तेल द्यावं लागेल. नव्या कड्या-बिजागऱ्या घ्यायच्या असतील तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते नेहमीच्या ३०४ पेक्षा खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

तीन वर्षांखालच्या मुलाला गाव बदललेलं कळत नाही, पण झोपायची वेळ आणि चादर बदललेली कळते. त्याच्या वस्तू सर्वांत शेवटी बांधा आणि सर्वांत आधी सोडा. शाळेत जाणाऱ्या मुलाला ‘तिथे रोज समुद्रावर जायचं’ असं आमिष दाखवू नका. पहिल्याच वादळी आठवड्यात ते खोटं ठरतं. शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे पोहोचलात तर वर्गात जाताना एखादा चेहरा तरी ओळखीचा असतो.

४. पाण्याचे नियम पहिल्याच दिवशी

याला मात्र वेळ द्या. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून या रविवारी संध्याकाळी पाचला ओहोटी होती, तर पुढच्या रविवारी पाचला साधारण भरती असणार. ‘गेल्या आठवड्यात इथे वाळू होती’ असं म्हणत खडकांवर गेलेली माणसं अशीच अडकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त आत येतं. चढणारं पाणी एकसारखं चढत नाही: भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मी वाढ होते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक स्वयंपाकघरात लावा आणि वाचता येणाऱ्या मुलाला रोज वाचायला सांगा.

लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत दिसतो. पालक नेमकं तिथेच मुलाला सोडतात, पण बऱ्याचदा तिथूनच पाणी वेगाने खोल समुद्राकडे परत जात असतं. या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. तरंगत राहावं, हात वर करावा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावं. मदतीला धावणारा मोठा माणूसच बुडाल्याच्या घटना घडतात, म्हणून आधी तरंगणारी वस्तू फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. लाल-पिवळा झेंडा असेल त्या दोन झेंड्यांमध्येच उतरा. लाल झेंडा असेल तर उतरू नका.

लहान मुलापासून हाताच्या अंतरावर राहा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. ते बहुधा आवाज न करता खाली जातं. दंडात घालायचे फुगे खेळणं आहेत, जीवरक्षक जॅकेट नव्हेत. हवा भरलेले तराफे जमिनीवरून समुद्राकडे वारा असेल तेव्हा बाहेरच काढू नका.

वाळूचाही एक धोका आहे. खोल खड्डा किंवा बोगदा खणून मूल आत बसलं आणि कडा ढासळली, तर काही सेकंदांत ते गाडलं जातं. खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि निघताना बुजवायचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नका. कोरडी वाळूही ऊन परतवते, त्यामुळे नुसती छत्री पुरत नाही.

किनाऱ्यावर बराच वेळ भूकंपाचा हादरा जाणवला, किंवा पाणी अचानक फार दूर ओसरलं, तर त्सुनामीच्या इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जायचं. तो रस्ता एकदा मुलांबरोबर चालून ठेवा.

५. पाहुणे

समुद्रकाठी घर केलं की नातेवाइकांचा ओघ सुरू होतो, आणि हे कोणी आधी सांगत नाही. त्यांच्या मुलांना तुमच्या मुलांइतकं पाणी कळत नसतं, आणि मोठी माणसं जितकी जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी लक्ष ठेवून आहे. म्हणून घरातून निघतानाच पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या नावानिशी लावा. पाळी ज्याची, त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, गप्पांत बसायचं नाही, आणि पुढच्याचं नाव घेऊन पाळी सोपवेपर्यंत पाण्यावरची नजर काढायची नाही.