आवाज गेला तर मुलाखत गेली : कमी खर्चात व्हिडिओ पॉडकास्ट करताय? या चुका टाळा

जुन्या नाशकात, तांबट लेनमधल्या एका वयस्कर बाबांची आम्ही मुलाखत घेतली होती. सव्वा तास बोलले. पंख्याची घरघर घालवायला मी त्या आवाजावर ‘नॉइज गेट’ लावला आणि एडिटिंगला बसलो. एका ठिकाणी बाबा म्हणताना ऐकू आले, “वडलांनी हातोडी खाली ठेवली.” पुढच्या वाक्याशी ते जुळेना, म्हणून मूळ फाइल लावली. बाबा म्हणाले होते, “वडलांनी हातोडी खाली ठेवली नाही.” शेवटचा ‘नाही’ गेटने खाल्ला होता.

नॉइज गेट ठरावीक पातळीच्या खालचा आवाज सरळ बंद करतो. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात आणि बोलणाऱ्याचा, त्यातून म्हाताऱ्या माणसाचा, आवाज नेमका तिथेच उतरतो. म्हणजे आपल्या भाषेत हे बटण वाक्याचा अर्थच उलटा करू शकतं. तेव्हापासून मी गेट वापरत नाही. मुलाखत सुरू होण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवतो. मग ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरला तो तुकडा नमुना म्हणून देऊन घरघर फक्त सहा डेसिबलने खाली आणतो. त्याहून जास्त ओढलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. थोडा पंखा ऐकू आला तरी चालेल, शब्द गेलेला चालणार नाही.

आणि बहुतेक वेळा पंखा बंद करता येतो. फ्रिजही. फ्रिजचं बटण बंद केलं की तिथेच स्वतःच्या मोटरसायकलची चावी ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही.

माइक लावला, पण आवाज कुठून येतोय?

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती घडताना दिसत नाही. वायरच्या कॉलर माइकची पिन दोन प्रकारची असते. कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, फोनसाठीच्या पिनेवर तीन. दोन रेघांची पिन फोनमध्ये घातली तर ती व्यवस्थित बसते, पण फोन त्या माइकला ओळखत नाही आणि स्वतःच्याच माइकवरून आवाज घेत राहतो. स्क्रीनवर सूचना येत नाही. रेकॉर्डिंग चालू असतं, सगळे खूश असतात आणि हाती येतो सहा फुटांवरून घेतलेला, घुमणारा आवाज. टाइप-सीचे काही स्वस्त कन्व्हर्टरही असाच दगा देतात.

उपाय दहा सेकंदांचा आहे. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माइकवर नखाने हलकं खरवडा, मग फोनच्या बुडाशी खरवडा. थांबवा आणि हेडफोन लावून ऐका. कुठली खरखर मोठी आहे ते लगेच कळतं. वायरलेस माइक असला तरी हे करायचंच. प्रत्येक वेळी, पाहुण्यांसमोर. कोणी हसत नाही, उलट आपण त्यांचं बोलणं किती मोलाचं मानतो ते त्यांना दिसतं.

दुसरी काळजी म्हणून एक जुना फोन फ्लाइट मोडवर टाकून, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून पाहुण्यांच्या जवळ ठेवा, समोरच्या टेबलावर किंवा सदऱ्याच्या वरच्या खिशात. वायरलेस माइकची बॅटरी मध्येच संपली तर हाच फोन मुलाखत वाचवतो. चित्रीकरणाचे फोनही फ्लाइट मोडवर हवेत. मध्येच फोन आला की कित्येक फोनवर रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.

खोली निवडताना

पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटमधला हॉल चित्रात छान दिसतो. पण खाली चकचकीत टाइल्स, भिंती मोकळ्या, समोर काचेचं दार. आवाज सगळीकडून आपटून परत येतो. त्याच घरातली बेडरूम बरी. गादी, कपड्यांनी भरलेलं कपाट, जाड पडदा हे सगळं आवाज शोषतं. हॉलच वापरायचा असेल तर खाली सतरंजी घाला आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला खुर्च्यांवर दोन गोधड्या टाका. भिंतीला चिकटवायचा फोम विकत आणण्याआधी घरातल्या गोधड्या वापरून बघा. जुना वाडा मिळाला तर उत्तमच. माजघरातल्या मातीच्या भिंती आणि लाकडी छत आवाजाला फार मायेने वागवतात.

पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणणं. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने घटतो, खोलीची घुमघुम मात्र तेवढीच राहते. कॉलर माइक हनुवटीपासून एक वीतभर खाली असावा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर (तिथे शून्याला आवाज फाटतो) आवाजाची पातळी साधारण उणे बारा डेसिबलच्या आसपास खेळती ठेवा, म्हणजे पाहुणे खळखळून हसले तरी आवाज फाटणार नाही. फाटलेला आवाज नंतर नीट जोडता येत नाही.

बायकांच्या मुलाखतीत आम्ही सुरुवातीला फार चुकलो. माइक पदराला मध्यभागी लावायचो आणि मंगळसूत्र तासभर त्यावर आपटायचं. आता आधी विचारतो, “काकू, हा माइक खांद्याकडच्या काठाला लावाल का?” लावायचा त्यांनीच. टेबलावर हात ठेवायची सवय असेल तर बांगड्या वाजतात, म्हणून टेबलावर जाड कापड अंथरायचं. कडक स्टार्चचा सदराही प्रत्येक हालचालीला कुरकुरतो. आदल्या दिवशी फोन करतानाच मऊ कपडे घालायला सांगितलं तर तो प्रश्न सुटतो.

बाहेरच्या आवाजांचं वेळापत्रक ठेवा. गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोलपथकांचा सराव असतो. बंद खिडकीतूनही तो ढोल छातीत वाजतो, तेव्हा सकाळची वेळ घ्या. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्त्यांची कामं निघतात, म्हणून एक दिवस आधी त्याच वेळेला तिथे जाऊन उभं राहायचं. कारागिराच्या कामाचा आवाज मात्र हवाच असतो, फक्त वेगळा घ्या. तांब्यावर हातोडी पडताना मुलाखत घेतली तर फोनचं ऑटोमॅटिक नियंत्रण प्रत्येक ठोक्याला आवाज दाबतं, मग शांततेत पुन्हा वर उचलतं, आणि आपलं बोलणं त्या हेलकाव्यात हरवतं. बोलणं आतल्या खोलीत घ्या. ठोके नंतर दहा मिनिटं स्वतंत्र शूट करा, कापाकापी झाकायलाही ते उपयोगी पडतात.

चित्रात लहरी का दिसतात?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोनचा शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, त्या तालाशी जुळला नाही की पडद्यावर काळे पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर पक्का करा, पट्टे जातात. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट मिळतं. त्यात शटर, फोकस आणि रंगाचं तापमान (चित्राची पिवळी-निळी छटा) तिन्ही बांधून ठेवता येतं. श्रावणात ढग सरकले की चेहरा क्षणात उजळतो नि काळवंडतो, तेव्हा हे बांधून ठेवलेलं नसेल तर फोन आणखी गोंधळ घालतो.

पाहुण्यांच्या पाठीमागे खिडकी नको, खिडकी त्यांच्या तिरकस समोर हवी. दोन फोन वापरत असाल तर दोन्ही तुमच्या नि पाहुण्यांच्या मधल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघून बोलताहेत असं दिसतं. आणि लेन्स पुसा. खिशातल्या फोनवर बोटांचं तेल असतंच.

ओठ आणि आवाज सुरुवातीला जुळतात पण चाळिसाव्या मिनिटाला सुटतात, ही तक्रार नवख्या टीमच्या तोंडी फार ऐकू येते. अनेक फोन सेकंदाला पक्क्या ३० फ्रेम घेत नाहीत, उजेड आणि गरमीप्रमाणे संख्या बदलत राहते. वेगळ्या माइकचा आवाज मात्र एकसारखा पुढे जात असतो. एडिटिंगच्या आधी फाइल हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’, म्हणजे फ्रेमची संख्या एकसारखी, करून घ्या. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवता, तशी शेवटीही वाजवा. दोन टाळ्या जुळल्या की मधलं सगळं जुळतं.

चहा पिताना संपलेली मुलाखत

यंत्रांइतकीच ही चूकही खरी आहे. आपण सामान मांडत असतो, पाहुणे चहा घेत बोलायला लागतात आणि सगळ्यात जिवंत आठवण तिथेच सांगून मोकळे होतात. रेकॉर्डिंगमध्ये मग उरतं “मघाशी म्हटलं तसं...”. म्हणून एकाने मांडामांड करायची, दुसऱ्याने पाहुण्यांशी हवापाण्याच्या, मुलाबाळांच्या गप्पा मारायच्या, विषय काढायचा नाही. आणि बोलणं सुरू झालं की आपलं “हं, हो, बरोबर” बंद. मान डोलावली तरी त्यांना आधार मिळतो. आपले हुंकार त्यांच्या वाक्यांवर पडले की ते काढता येत नाहीत.

अपलोडच्या वेळी दोनच गोष्टी अडवतात. यूट्यूबवर १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ टाकायला फोन नंबरची पडताळणी लागते. ती आधीच करून ठेवा. आणि सुरुवातीला आवडतं सिनेगीत लावू नका. कॉपीराइटचा दावा लागतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.

घरी पोचल्यावर झोपण्याआधी सगळ्या फाइली दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर. दोन्ही ठिकाणची फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून ऐका. तोवर फोनमधून काही पुसायचं नाही. १०८०पी चित्रीकरणाला तासाला काही जीबी लागतात, म्हणून जागा हवी म्हणून पुसायची घाई होते. मूळ फाइल हाताशी होती, म्हणूनच तांबट लेनच्या बाबांचा तो ‘नाही’ आम्हाला परत मिळाला.