पाणथरीत पाण्याची गाठ निघाली, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी

रिपोर्टवर ‘प्लीहेत सिस्ट’, म्हणजे पाणथरीत पाण्याची गाठ, असं वाचलं की घरचे घाबरतात. मी सोलापुरात सर्जरी करते. गाठ लहान असेल, त्रास नसेल, तर बहुतेकदा मी फक्त सोनोग्राफीने लक्ष ठेवायला सांगते. पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली, डाव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, चार घासांत पोट भरू लागलं, की ऑपरेशनचा विचार करायचा.

आधी गाठ कशाची ते ठरवू. सीटी स्कॅन लागतोच. पोटाला पूर्वी मार लागला असेल, गाडीवरून पडला असाल, तर आठवून सांगा. आत साकळलेल्या रक्ताचीही अशी गाठ बनते. घरी कुत्री, मेंढ्या असतील तर तेही सांगा. हायडॅटिड ही कृमीची गाठ असते. ती फुटून पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. तिला आधी अल्बेंडाझोल हे कृमीचं औषध, मग खास काळजी घेऊन ऑपरेशन. ‘सुईने पाणी काढून टाका’ असा हट्ट धरू नका. साधी गाठसुद्धा त्यानंतर बहुधा पुन्हा भरते.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: पाणथरी वाचेल का? ती जंतूंशी लढते, लहान मुलांत तर ती राखण्यासाठी शक्य ते सगळं करावं. रुग्णाला उजव्या कुशीवर ठेवून तीन-चार छिद्रांतून आम्ही काम करतो. गाठ पाणथरीच्या पृष्ठभागावर असेल तर पाणी ओढून तिचं छत मोठं कापतो आणि बायोप्सीला पाठवतो. छत थोडंच कापलं तर गाठ परत येते. गाठ एका टोकाला खोल असेल, तर त्या भागाची रक्तवाहिनी बांधतो. बघता बघता तेवढा भाग काळपट पडतो, बाकीचा लालच राहतो. त्या रेषेपासून किंचित काळपट भागात सरकून कापायचं.

तरीही रक्त थांबलं नाही तर पूर्ण पाणथरी काढावी लागते. म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी घ्याच. खर्च वाटतो, पण यात काटकसर नको.

नंतर खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, चालाफिरायला लागा. पाणथरी पूर्ण काढली असेल तर तशी चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि थंडी वाजून ताप आला तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.