कथा मधेच का रेंगाळते? लिहिताना या चुका टाळा

कथा पंधरा पानांची असते आणि सातव्या पानावर वाचक ती बाजूला ठेवतो. मग लेखक सातवं पान पुन्हा लिहायला घेतो, तिथे एखादं भांडण घालतो, एखादा ट्विस्ट टाकतो. उपयोग होत नाही. कंटाळा सातव्या पानावर आला तरी चूक बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच झालेली असते. त्यामुळे खालची प्रत्येक तक्रार तपासताना जरा मागे जाऊन पाहायचं.

नायकाला काहीच नको असतं

सगळ्यांत जास्त कथा इथेच पडतात. पात्राचं वय, नोकरी, उंची, लहानपणीचा आघात असं सगळं लेखकाने ठरवलेलं असतं. आत्ता, या प्रसंगात त्याला काय हवंय, एवढंच ठरवायचं राहून गेलेलं असतं. मग ते पात्र खिडकीशी उभं राहून विचार करत बसतं. (नवोदितांच्या कथांत खिडकीशी उभी राहिलेली माणसं फार.)

हवं असलेलं काही भव्यदिव्यच असायला पाहिजे असं नाही. भावाने हिशेबाची वही दाखवावी, एवढंही पुरतं. पण भावाला ती दाखवायची नसली पाहिजे, आणि वही नाही मिळाली तर नायिकेचं काहीतरी खरोखर बिघडलं पाहिजे. काय हवंय, आडवं कोण येतंय आणि नाही मिळालं तर काय, हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर भाषा कितीही सुंदर असो, कथा तरत नाही. संघर्ष म्हणजे आरडाओरडा असंही नाही. दोन माणसं अतिशय गोड बोलत असतात, आणि तेव्हाच एकाला विषय काढायचा असतो, दुसऱ्याला तो टाळायचा असतो.

प्रसंग नुसते एकापुढे एक येतात

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यांतलं एक उदाहरण अजून कामाला येतं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. फरक आहे तो कारणाचा.

आपल्या कथेतला प्रत्येक प्रसंग एकेका ओळीत कागदावर लिहून काढा. दोन ओळींच्या मधे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर ठीक. नुसतं ‘आणि मग’च बसत असेल, तर त्यातला एक प्रसंग काढून पाहा. कथेचं काही अडलं नाही तर तो परत घालू नका, कितीही जीव जडलेला असला तरी. काम कंटाळवाणं आहे, पण रेंगाळलेल्या मधल्या भागावर याहून नेमका उपाय माझ्या पाहण्यात नाही.

योगायोगाचं दुखणंही याच घरातलं. योगायोगाने पात्र अडचणीत सापडलं तर वाचक खुशाल मान्य करतो. योगायोगानेच सुटलं, की त्याला फसवल्यासारखं वाटतं. ग्रीक तत्त्वज्ञ ऍरिस्टॉटलनेही ‘पोएटिक्स’ या काव्य-नाटकावरच्या ग्रंथात बजावलंय की गुंत्याची उकल कथानकातूनच व्हावी, जुन्या ग्रीक नाटकांत करत तसा यंत्राने देव रंगमंचावर उतरवून नव्हे. ‘पण हे खरंच घडलं होतं’ हा बचावही त्याच्यापुढे टिकणार नाही. शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण पटणारी बरी, असं त्याचं मत.

संवाद वाचकासाठी बोलले जातात

‘ताई, तुला माहीतच आहे की बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून घराचा सगळा हिशेब मीच पाहतो.’

ताईला माहीतच आहे, तर हा सांगतोय कुणाला? आता हेच पुन्हा:

‘वही कुठंय?’
‘कुठली?’
‘बाबा गेल्यावर तुझ्याकडे आली ती.’
‘तीन वर्षांत कधी मागितली नाहीस.’

माहिती जवळपास तेवढीच पोचली. पण आता ती आरोप आणि बचाव म्हणून आली, आणि ‘कुठली?’ या एका शब्दात भाऊ काहीतरी लपवतोय हेही कळून गेलं. वाचकाला माहिती द्यायचीच असेल तर ती कुणाच्या तरी विरुद्ध वापरली जाऊ द्या.

दुसरी तक्रार म्हणजे सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात, आणि तो आवाज लेखकाचा असतो. निवेदनाच्या ओघात पात्रंही ‘परंतु’, ‘तथापि’ म्हणायला लागतात. नावं झाकून संवाद मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते ओळखू आलं पाहिजे. त्यासाठी पानभर बोलीभाषा ओतायची गरज नाही, वाक्याची लांबी आणि एखादी लकब पुरते. शिवाय मराठीत एक हत्यार फुकट मिळतं. इतकी वर्षं ‘तू’ म्हणणारी बहीण एकदम ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली, तर तिला राग आलाय हे वेगळं लिहावं लागत नाही.

नजर मधेच उडी मारते

कथा बहिणीच्या नजरेतून चाललीय आणि वाक्य येतं, ‘ती पाठ फिरवून निघाली, तेव्हा मागे भावाने डोळे पुसले.’ तिला कसं दिसलं? एक तर तिला वळू द्या, नाहीतर ते अश्रू सोडून द्या. नजर बदलायचीच असेल तर नवा प्रसंग सुरू करून बदला.

‘सांगू नका, दाखवा’चा अतिरेक

भावनेचं नाव सांगू नका, ती कृतीतून दाखवा, हा सल्ला चांगला आहे, पण जिथेतिथे लावला की वात आणतो. ‘राग आला’ टाळून ‘मुठी आवळल्या, ओठ चावला, श्वास रोखला’ लिहिलं तर एका झिजलेल्या शब्दाच्या जागी तीन आले. वहीचं पान उलटताना ते फाटलं, हे त्या एका माणसाचं आहे. बाकी दोन महिने उलटले असतील तर ‘दोन महिने गेले’ म्हणून मोकळं व्हा.

सुरुवात आणि शेवट

गजर वाजणं, आरशात पाहणं, हवामानाचं वर्णन: बहुतेक वेळा हा लेखकाने हात मोकळा करायला लिहिलेला भाग असतो. तो झाकून दुसऱ्या परिच्छेदापासून वाचा, काही अडतंय का बघा. शेवटाला ते स्वप्न होतं म्हणू नका, तात्पर्यही सांगू नका. शेवट अचानक वाटतो अशी तक्रार आली तर बहुधा सुरुवातीला वहीचा प्रश्न उभा केला होता आणि उत्तर दिलं ते नायिकेच्या लग्नाचं, असं काहीतरी झालेलं असतं.

कथा वाचायला देताना ‘कशी वाटली?’ विचारू नका; ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. कुठे थांबलात, कुठल्या ओळी गाळून पुढे गेलात, कुणाचं नाव आठवायला मागे जावं लागलं, ते विचारा आणि तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणा जपून ठेवा. सोबत आलेल्या सूचना मात्र मानायलाच हव्यात असं नाही, कारण वाचकाला दुखणं बरोबर कळतं, औषध बहुधा कळत नाही.