रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कलाकारांचा वकील कसं व्हायचं

लॉच्या पोरांना एंटरटेनमेंट लॉयर म्हटलं की काळा कोट, बाजूला हिरो आणि समोर कॅमेऱ्यांची गर्दी एवढंच दिसतं. तसं होतं कधीकधी, नाही असं नाही, पण यातलं बरंचसं काम भांडण व्हायच्या आधी कागदावरच उरकायचं असतं.

शिक्षणाचं पटकन सांगतो. बारावीनंतर ५ वर्षांचं नाहीतर ग्रॅज्युएशननंतर ३ वर्षांचं एलएलबी, दोन्हीला सीईटी. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर लॉ कॉलेज आहे, कुडाळलाही लॉ कॉलेज आहे, शिकायला मुंबईच गाठली पाहिजे असं काही नाही. मग सनद (वकिलीचा परवाना) आणि ऑल इंडिया बार एक्झाम.

त्यानंतर सरळ कॉपीराइटच्या मागे लागू नका, आधी जिल्हा कोर्टात क्रिमिनल करणारा सीनियर पकडा. कारण कलाकारावर एफआयआर झाला की त्याला अटकपूर्व जामीन लागतो, तोही आजच्या आज, आणि रिमांडला काय बोलायचं, पोलीस स्टेशनात क्लायंटला गप्प कसं बसवायचं हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात येतात, त्यामुळे हायकोर्टाचं काम बघायचं तर घाट चढलात की झालं (रायगडवाल्यांना मात्र अजून मुंबईच).

आता क्लायंट. मोठा स्टार सुरुवातीला तुमच्याकडे येणार नाही, सोडून द्या. पण आपल्याकडे लोककलांमध्ये दशावताराची मंडळं आहेत, नमनवाले आहेत, शक्तीतुऱ्याचे शाहीर आहेत, आणि आता तर वाडीवाडीत व्लॉगर. यातल्या कितीजणांकडे लिहिलेलं अ‍ॅग्रीमेंट असतं? राजपार्टी (राजाची भूमिका) करणाऱ्या नटाची नाईट (एका प्रयोगाचे पैसे) तोंडी ठरते, शाहिराचं गाणं कुठलीतरी म्युझिक कंपनी हातावर थोडे पैसे ठेवून घेऊन जाते आणि मग ते गाणं गणपतीत गावोगावी वाजतं, याच्या हातात काही नाही. तिथून सुरुवात करा.

म्युझिक कंपनीचा असा कागद समोर आला की मी आधी पैशाचा आकडा बघतच नाही, मुदत आणि प्रदेश बघतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ तोंडपाठ असू दे: हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपनीवाले 'जगभर आणि कायमचे' असं बारीक अक्षरात घालून ठेवतात, ते कापायला लावा नाहीतर त्याचे वेगळे पैसे मागा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा लिहून घेऊनसुद्धा काढता येत नाही. शाहिराला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबर करून द्या, एवढ्यानेच तुमचं नाव पुढच्या चार शाहिरांपर्यंत जातं.

मग येतं कलाकाराचा चेहरा आणि आवाज कुणी न विचारता वापरणं. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही, कोर्टाच्या ऑर्डर्स वाचूनच शिकायचं. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ दिल्ली हायकोर्टात गेले, त्यात 'भिडू' शब्दाच्या वापराचाही मुद्दा होता, त्याच वर्षी अरिजित सिंगला एआयने आवाज चोरण्याविरुद्ध मुंबई हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. अशा मॅटरमध्ये निम्मी लढाई पुराव्याची, क्लायंटचा फोन आला की पहिल्या तासात लिंक, तारखेसकट स्क्रीनशॉट, व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट तयार ठेवा, कारण समोरचा डिलीट करून मोकळा होतो.

बदनामीत उलट घाई नको. नुकसानभरपाईच्या दाव्याला १ वर्षाची मुदत असते ती चुकवायची नाही, पण दोनशे लोकांनी बघितलेल्या व्हिडिओला नोटीस मारलीत तर तीच बातमी होते. सिनेमावाले नोटिशीसाठी उतावीळ असतात, त्यांना थांबवायचं कामही आपलंच.

जाहिरातींचं काम इथे भरपूर आहे. व्लॉगरने परराज्यातला आंबा देवगड हापूस म्हणून खपवायला मदत केली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, वर जाहिराती करायला १ वर्षापर्यंत बंदी, पुन्हा केलं तर ३ वर्षांपर्यंत. दंडातून सुटायचं असेल तर 'मी आधी खात्री केली होती' हे दाखवावं लागतं, म्हणून बागायतदाराची बिलं, जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) नोंदणी नंबर, सगळं रील टाकायच्या आधी फाईलला लावून घ्या.

राहिली फी. क्लायंटबरोबरचे फोटो टाकून स्वतःची जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचे नियम आहेत. आणि केसच्या निकालावर फी ठरवणंही चालत नाही, त्यामुळे 'वकीलसाहेब, जिंकलो की बघू' म्हणणारा आला की चहा पाजा, पण वकालतनाम्यावर सही फी मिळाल्यावरच.