कास्टिंगचा पेंट का सुटतो? एक्सपीएसला नमुना पाठवताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंगवरचा (साच्यात ओतलेल्या लोखंडी भागावरचा) पेंट सुटायला लागला की पृष्ठभागावर नक्की काय बसलंय, हे एक्सपीएस (क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी) सांगू शकतं. पण हे यंत्र वरचे जेमतेम 10 नॅनोमीटर पाहतं. त्यामुळे रिपोर्ट बिघडतो तो बहुतेकदा नमुना लॅबमध्ये पोचायच्या आधीच.

सवयीने नमुना अॅसिटोनने पुसू नका. पुसला की पुरावाच गेला. ती बाजू बोटानेही शिवू नका. साध्या प्लॅस्टिक पिशवीतून तेलकट अंश वर चढतो, म्हणून स्वच्छ काचेच्या डबीत, तपासायची बाजू कशालाही न टेकता ठेवा. पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत उघडं लोखंड लगेच गंजतं, तेव्हा सिलिका जेल हवंच. पण पुडी डबीच्या बाहेर, दुसऱ्या आवरणात ठेवा, कारण तिची धूळ म्हणजेही सिलिकॉनच. आणि ज्याचा पेंट टिकलाय असा एक तुकडा सोबत द्या. तुलनेशिवाय निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं.

आता खरी मेख. क्ष-किरणांनी पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून हे यंत्र आलेख काढतं, त्यातला उंचवटा म्हणजे पीक. सिलिकॉनचं पीक दिसलं म्हणजे साच्याची वाळू चिकटलीय, असं धरून चालू नका. वाळूतल्या सिलिकाचं पीक 103.5 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (ऊर्जेचं एकक) आसपास येतं, तर कोअर बॉक्सला (वाळूचा गाभा घडवायच्या साच्याला) वाळू चिकटू नये म्हणून मारलेल्या रिलीज स्प्रेमधल्या सिलिकोनचं (सिलिकॉन असलेल्या तेलकट संयुगाचं) 102 च्या आसपास. फरक दीडच इलेक्ट्रॉन व्होल्टचा, पण उपाय पूर्ण वेगळे: एकात शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून केलेली सफाई) बघायचं, दुसऱ्यात स्प्रे बदलायचा. वीज न वाहणाऱ्या भागातून इलेक्ट्रॉन निघून गेले की तिथे धन भार साठतो आणि पीक वरच्या ऊर्जेकडे सरकतं. मग स्प्रेच वाळूसारखा दिसू लागतो. कार्बनचं पीक 284.8 ला आणून दुरुस्ती करतात खरी. पण लोखंडावर भार साठत नाही आणि वाळूच्या कणावर साठतो, तेव्हा एकच दुरुस्ती सगळ्यांना लागू पडत नाही. पीक रुंद किंवा वाकडं दिसलं तर फ्लड गनची (साठलेला भार घालवायला इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची) सेटिंग बदलून पुन्हा मोजायला सांगा.

लॅबमध्ये आर्गॉन वायूच्या आयनांनी पृष्ठभाग खरवडण्याआधी एकदा जसाच्या तसा मोजून घ्या. आर्गॉनच्या माऱ्याने लोखंडाच्या ऑक्साइडचं क्षपण होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि मग मूळचा गंज कोणता होता हे कळत नाही.

फाउंड्रीतल्या स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरच्या) आकड्यांशी हे आकडे जुळवायला जाऊ नका. स्पेक्ट्रो वजनाची टक्केवारी देतो, एक्सपीएस अणूंची. वजनाने 3.5 टक्के कार्बन असलेल्या बिडात अणूंच्या हिशोबाने तो सुमारे 14 टक्के भरतो. शिवाय हायड्रोजन यात दिसतच नाही.

फिटिंगमध्ये, म्हणजे आलेखावर पीकं बसवून बघताना, लोखंडाच्या 2p जोडीचं (2p इलेक्ट्रॉनांमुळे दिसणाऱ्या दोन पीकांचं) क्षेत्रफळ 2:1 च्या जवळ हवं. रेघ जुळावी म्हणून जादा पीकं घातलेली दिसली तर कारण विचारा, आणि चित्रांसोबत मूळ डेटा फाइलही मागून घ्या.